एल्मरच्या वहीतला रविवार

एक

बुडून मेलेला माणूस वहीत सुखरूप परत आला होता.

निळ्या शाईत, एल्मर स्टोलच्या त्या उजवीकडे कललेल्या, सोसाट्याच्या वाऱ्यात सापडल्यासारख्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘रविवार, २२ जून. पाणी शांत. बेटावर दोन सहली. नव्या धक्क्याचे दगड आले. सगळे परत.’

डेलिया वॉरिकने ते मोठ्याने वाचलं आणि पुढच्याच क्षणी तिला वाटलं, मनात वाचलं असतं तर बरं झालं असतं. कारण तिच्या एका हाताला उभी होती एल्मरची मुलगी व्हर्ना, आणि दुसऱ्या हाताला डिट्झ सर. सरांचा थोरला भाऊ रसेल १९५८ साली ह्याच २२ जूनला, ह्याच नदीत, त्याच बेटाशेजारी बुडाला होता. अख्ख्या परिसराला ते पाठ होतं. आणि वही म्हणत होती, सगळे परत.

सिकमोर वळण उद्यानाच्या निसर्गकेंद्रात कासवाच्या टाकीतला पंप तेवढा गुरगुरत राहिला.

डेलिया ह्या उद्यानाची निसर्गशिक्षिका. वय एकतीस, नाक बाराही महिने उन्हाने सोललेलं, काम म्हणजे सहलीच्या मुलांना बेडूक दाखवणं आणि मोठ्यांना जुन्या होडीघराचा इतिहास सांगणं. ह्या इतिहासानेच आज घोळ घातला होता. उद्या, रविवारी, दुपारी दोन वाजता धक्क्यावर नवा फलक उघडायचा होता. मजकूर डिट्झ सरांचा: ‘नावाडी एल्मर स्टोल मद्याच्या अमलाखाली उशिरा पोचल्याने रसेल डिट्झ या तरुणाने प्राण गमावले.’ फलक जाड पत्र्याचा, पन्नास वर्षं न गंजणारा. व्हर्ना तीन आठवडे भांडली. शेवटी व्यवस्थापक गॅरीने तोडगा काढला: शनिवारी सकाळी काचपेटीतली १९५८ची वही सगळ्यांसमोर उघडायची. पान काही वेगळं सांगत असेल तर मजकूर बदलू, नाहीतर फलक आहे तसा.

आणि पानाने हे सांगितलं.

डिट्झ सरांचा आवाज चढला नाही, चाळीस वर्षं आठवीच्या वर्गात तो कधी चढला नव्हता. ते एवढंच म्हणाले की ज्या माणसाने मेलेल्याला जिवंत लिहिलं, त्याच्याबद्दल आपण आणखी काय बोलायचं. गॅरीने घाम पुसला. चोरी झाली म्हणावी तर वही जागेवर होती, काच शाबूत होती, आणि पेटीची किल्ली भरलेल्या घुबडामागच्या खिळ्यावर टांगलेली असते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पोलिसांना काय सांगणार? उद्या दोन वाजता, म्हणाला गॅरी, आणि निघून गेला.

डेलिया डबा घेऊन धक्क्यावर जाऊन बसली. रोजची जागा. ती जेवत नव्हती, नुसतीच बोटाने दगडावरचा कोरीव आकडा गिरवत होती, रोज गिरवायची तसा. एक, नऊ, पाच, तीन.

बोट थांबलं.

धक्का बांधून झाला १९५३ साली. मग त्याचे ‘नवे दगड’ १९५८ साली कसे आले?

दोन

एल्मर वार आणि तारीख लिहायचा, साल कधीच नाही. साल फक्त पुठ्ठ्यावर. आणि पानं पुठ्ठ्याला शिवलेली नव्हती, बुटाच्या नाडीने ओवलेली होती. नाडी सोडा, पानं काढा, दुसरी ओवा, गाठ मारा. दहा मिनिटांचं काम, तेही बोटं कापत असतील तर.

म्हणजे १९५८ची पानं कुणीतरी लांबवली होती. कुणी, हा प्रश्न होताच, पण डेलियाला घाई होती ती वेगळ्या कारणाने. पान मिळालं नाही, तर उद्या दोन वाजता व्हर्नाच्या बापाचं नाव पन्नास वर्षांसाठी पत्र्यावर ठोकलं जाणार होतं.

पेटी उघडायचं गॅरीने परवा ठरवलं, म्हणजे चोराच्या हाताशी होता तो कालचाच दिवस. काल, शुक्रवारी, केंद्राकडे तिघंच फिरकले होते. व्हर्ना, डिट्झ सर आणि मिस ओपल. मिस ओपलला खरं तर ‘फिरकल्या’ म्हणायचं नाही. त्या तिथल्याच, घुबड आणि कासवासारख्या. गेली तीस वर्षं त्या बिनपगारी केंद्राच्या टेबलामागे बसत.

आधी व्हर्ना. ती खाली भाड्याच्या होड्यांच्या टपरीत लाइफ जॅकेटं वाळत घालत होती. वय चौसष्ट, उंची जेमतेम टपरीच्या खिडकीएवढी. डेलियाने आडून आडून विचारायला सुरुवात केली, तर व्हर्नाने ओलं जॅकेट तिच्याच हातात कोंबलं.

“सरळ विचार की, चोर मी आहे का म्हणून. अगं, त्या घुबडामागच्या खिळ्याला माझा हात पोचत नाही. चोरी करायची तर आधी तुलाच हाक मारावी लागली असती, ये गं, जरा किल्ली काढून दे.”

दोघी हसल्या, पण हसू टिकलं नाही. जॅकेटं झटकता झटकता व्हर्ना सांगत गेली. बाप त्या रविवारनंतर होडीघरात कामाला परत गेला नाही. दगडाच्या खाणीवर लागला आणि सहा वर्षांनी गेला. आईने चर्च बदललं, मग दुसऱ्यांदा बदललं. शाळेत पोरं तिला बघून झिंगल्यासारखी चालायची, आणि त्यातली दोघं आता तिच्याकडूनच होड्या भाड्याने घेतात, नातवंडांसाठी. बापाने घरी त्या दिवसाबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं: वहीत होतं तसंच मी केलं.

“मग वहीत काय होतं?” डेलियाने विचारलं.

व्हर्नाने हातातलं जॅकेट दोरीवर टाकलं. “तेच तर. आठ वर्षांची होते तेव्हापासून मला ते पान बघायचंय. आणि परवा गॅरीने हो म्हटल्यापासून मला झोप नाही. समजा उघडलं, आणि त्यात खरंच तो उशिरा निघाला असं असलं तर? तोपर्यंत निदान मला भांडता तरी येत होतं.”

डेलिया टपरीतून निघाली. व्हर्नाला ते पान हवं होतं. पण ते पान नको असण्याचं कारणही तिच्याइतकं कुणाकडेच नव्हतं.

तीन

डिट्झ सर धक्क्याच्या वरच्या अंगाला होते, कापडाखालचा फलक तिरका तर नाही ना हे पाणसळीने तपासत. डेलियाला त्यांनी आठवीत इतिहास शिकवला होता. अजूनही ती त्यांच्याशी बोलताना नकळत हात मागे बांधायची.

सर म्हणाले की ते काल केंद्रावर गेले होते, सव्वातीनला. दार आतून बंद. ठोठावलं, कुणी उघडलं नाही, पण जुन्या वह्या ठेवतात त्या कोठीच्या खिडकीत दिवा होता. मिस ओपल विसरल्या असतील म्हणून ते परतले. मग आपणहूनच ते १९५८च्या चौकशीबद्दल बोलू लागले, कारण त्या विषयाला सुरुवात आणि शेवट त्यांच्याकडे नव्हताच, तो कायम चालू असायचा. नदीच्या पलीकडे, वरच्या अंगाला मार्लो गाव. तिथलं वीजघर रविवारी धरणाचे दरवाजे उघडायचं. त्या दिवशी सहाला उघडले. एल्मरचं म्हणणं, मी साडेपाचला बेटावर पोचलो. वाचलेल्या दहाही जणांच्या घड्याळात साडेसहा. मार्लोची माणसं होती ती, खोटं कशाला बोलतील? शिवाय म्हणे तोंडाला बिअरचा वास.

“आणि चौकशीत तो स्वतः काय म्हणाला माहितीये तुला? ‘मी विचारायला हवं होतं.’ एवढंच. पुढे तोंड उघडलं नाही. काय विचारायला हवं होतं? किती वाजले ते? शुद्धीवरच्या नावाड्याला वेळ विचारावी लागते?”

डेलियाने हळूच विचारलं, की पानात दुसरंच काही निघालं असतं तर.

सरांनी पाणसळ खिशात ठेवली. रसेल पोहत होडी आणायला निघाला, तेव्हा त्याचे बूट बेटाच्या काठावर राहिले होते, ते म्हणाले. पायमोजे नीट गुंडाळून आत ठेवलेले. आईने ते बूट कधी आत घेतले नाहीत आणि कधी फेकलेही नाहीत. “मी बारा वर्षांचा होतो, डेलिया. कुणावर तरी राग धरायचा होता. चाळीस वर्षं मी पोरांना ही गोष्ट शिकवली. ती चुकीची असेल, तर मला आता कळायला नकोय.”

आणि ते परत फलकाकडे वळले. त्यांचे हात कुठल्याही नाडीची गाठ सहज सोडू शकले असते.

चार

मिस ओपल टूथब्रशने कासवाची पाठ घासत होत्या. पंच्याहत्तर वर्षांची बाई, ताठ, केसांचा एकही तार इकडचा तिकडे नाही. नदीच्या दोन काठांवर दोन प्रमाणवेळा आहेत: उद्यानाच्या बाजूला तासभर मागची, संथ वेळ चालते आणि मिस ओपल राहतात मार्लोला, जिथे पळती वेळ. पलीकडे सहा वाजले की अलीकडे पाच. इथल्या माणसांच्या हे अंगवळणी पडलेलं आहे, जो तो ज्या काठावर उभा असेल त्या काठाचा आकडा सांगतो आणि सोडून देतो. एकट्या मिस ओपल तसं करत नाहीत. पोरांना खाऊ देताना म्हणतील, अकराला या हं, संथच्या. कुणी नुसती वेळ विचारली तरी, दोन वाजून दहा, संथचे, पळतीचे तीन दहा. सहलीची पोरं त्यांची नक्कल करत: मिस ओपल, मला भूक लागलीय, संथची. त्या हसत आणि तरीही सोडत नसत.

डेलियाने त्यांना विचारलं तेही निव्वळ उपचार म्हणून. काल कुणी कोठीत गेलं होतं का?

“अगं बाळ,” मिस ओपल कासवाकडे बघत म्हणाल्या. “मी चार वाजता बंद केलं. त्यानंतर कुणी आत आलं नाही.”

डेलियाने मान डोलावली, कासवाला टिचकी मारली आणि ती कोठीकडे वळली. काहीतरी खटकलं होतं, चपलेत खडा गेल्यासारखं. पण खडा कुठे आहे ते तिला सापडेना, आणि वेळ थोडा होता.

तिने आकडेमोड सुरू केली. पेटीतल्या पानांवर २२ जूनला रविवार होता. चोराने ती पानं उगाच निवडली नव्हती. वार जुळला नसता तर पहिल्याच नजरेत बिंग फुटलं असतं. एल्मर कामाला लागला १९४९ साली. धक्का पुरा झाला १९५३ साली. ह्या दोहोंमध्ये २२ जून रविवारी कधी आला? कुठल्याही सालचा वार काढून देणाऱ्या, भिंतीवरच्या जुन्या पंचांगतक्त्यावरून तिने बोट फिरवलं. एकदाच. १९५२.

म्हणजे ५८च्या पुठ्ठ्यात बावन्नची पानं. मग बावन्नच्या पुठ्ठ्यात काय? रिकामा पुठ्ठा फळीवर लोळताना कुणालाही दिसला असता. तो भरायला काहीतरी हवं होतं.

फळीवर वह्या ओळीने उभ्या होत्या, धूळ पुसलेल्या. १९५२ ची तिने बाहेर ओढली. नाडीची गाठ नवी होती, फुलपाखरासारखी, दोन पाकळ्यांची. एल्मर कधी अशी गाठ मारेल असं तिला वाटेना.

वही कुठे गेलीच नव्हती. ती हातभर सरकली होती फक्त.

पाच

‘रविवार, २२ जून. मार्लोची प्रार्थनामंडळी, अकरा जण, बेटावर सोडले.’

हे एल्मरचं अक्षर. त्याखाली वेगळं, गोल गोल, वळणदार: ‘वीजघराचा फोन. आज दरवाजे ६ वाजता उघडणार.’

आणि पुन्हा एल्मर, इतका जोर देऊन की कागद फाटला होता: ‘५.३० ला बेटावर. पाणी आधीच चढलेलं. दहा परत.’

डेलिया जमिनीवर बसली आणि आधीची पानं उलटू लागली. वीजघराचे फोन दर आठवड्याला. एल्मरने घेतलेल्या प्रत्येक निरोपापुढे एक शब्द होता, न चुकता. सात वाजता, पळती. साडेसहा, पळती. कधी कधी, उद्यानातल्या कुणाचा निरोप असेल तर, संथ. जूनच्या सुरुवातीपासून गोल अक्षरातले निरोप सुरू झाले होते, तेही शहाण्यासारखे शब्दासकट. फक्त बावीस तारखेला नाही.

६ वाजता. नुसतेच सहा.

वीजघराने सांगितले ते पळतीचे सहा. एल्मरने वाचले ते संथचे सहा. अर्धा तास हाताशी ठेवून तो साडेपाचला पोचला, इमानदारीत, शुद्धीवर, आपल्या काठाच्या घड्याळाप्रमाणे. तोवर मार्लोत साडेसहा झाले होते आणि पाण्याला सुटून अर्धा तास. रसेल पोहत होडी आणायला निघाला होता, कारण होडी येत नव्हती.

तिने पुढची पानं उलटली. एल्मर संपला, गोल अक्षर राहिलं. आणि आता ते अक्षर प्रत्येक वेळेपुढे तो शब्द लिहीत होतं, निरोप कुठलाही असो. पोहायचा तलाव उघडला दहाला, संथ. पाऊस सुरू दोनला, संथ. शब्दाखाली दोन दोन रेघा.

चपलेतला खडा तिला सापडला तो इथे.

‘मी चार वाजता बंद केलं.’

तीस वर्षांत मिस ओपलच्या तोंडून असा बोडका आकडा कुणी ऐकला नव्हता. बोडका का? कारण शब्द लावला असता तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर कबूल करावं लागलं असतं. त्यांनी दार बंद केलं पळतीच्या चारला, म्हणजे इथले तीन. केंद्र बंद व्हायला तासभर असताना. सव्वातीनला डिट्झ सर दार ठोठावत होते तेव्हा त्या आतच होत्या, दिवा लावून, नाडी ओवत. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना ते येतच नव्हतं.

फळीवर टांगलेल्या होडीघराच्या १९५८च्या जुन्या फोटोत दुसऱ्या ओळीत एक एकोणीस वर्षांची पोरगी होती, पांढऱ्या टोपीत, डोळे मिटलेली. खाली नाव: ओपल प्रुइट, फोन व नोंदवही.

सहा

डेलिया वही छातीशी धरून बाहेर आली तेव्हा मिस ओपल हात पुसत होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या, पाय दुखायला लागल्यावर बसतात तशा.

“पंचांगतक्ता भिंतीवरून काढायला हवा होता मी,” त्या म्हणाल्या.

डेलियाला चिडायचं होतं. येताना तिने शब्दही जुळवले होते. पण समोर ही बाई, जिने तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साप कसा धरायचा ते शिकवलं होतं. ती एवढंच विचारू शकली, की पानं जाळली का नाहीत. काडी ओढायची, झालं असतं.

मिस ओपल म्हणाल्या की तो विचार दर वर्षी जूनमध्ये येऊन जायचा. जमलं नाही. त्यात एल्मरचं शेवटचं अक्षर होतं. फक्त उद्याचा रविवार पार पडू दे असं वाटत होतं. मग कधीतरी, आपण गेल्यावर, धूळ पुसताना कुणाच्या तरी हाती लागलंच असतं. मग त्यांनी तो फोन सांगितला, सावकाश, एकेक गोष्ट जागच्या जागी ठेवत. फोन वाजला तेव्हा खिडकीबाहेर एक मुलगा उभा होता, ज्याच्याशी त्या बोलत होत्या. फोनवरचा माणूस म्हणाला, सहाला. त्या मार्लोच्याच, मार्लोच्या माणसाने सहा म्हटलं की त्यांना ते पळतीचेच ऐकू येत. लिहिताना शब्द राहिला. तो मुलगा काहीतरी विनोद सांगत होता. विनोद आता आठवत नाही.

“चौकशीत मला कुणी बोलावलं नाही. मी रोज तयार होऊन बसायचे, चांगला झगा घालून. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगेन. विचारलंच नाही.”

“आणि एल्मरने?”

मिस ओपलनी हातातल्या फडक्याची घडी घातली. “चौथ्या दिवशी आला होडीघराच्या किल्ल्या द्यायला. वही उघडीच होती. आम्ही दोघांनी त्या ओळीकडे पाहिलं. तो म्हणाला, मी विचारायला हवं होतं. मला सांगायचं होतं, नाही, चूक माझी. पण पोरी, त्याने ते स्वतःवर घेतलं ना, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. इतकं हलकं. त्या हलकेपणाची मला अजून लाज वाटते.”

बाहेर कुणीतरी पाण्यात उडी मारली आणि पोरं ओरडली. डेलियाने सांगितलं की तिला हे गॅरीला सांगावं लागेल.

“गॅरीला नको,” मिस ओपल उठल्या. “त्याचं ह्यात काय गेलंय? ज्यांचं गेलंय त्यांना मी सांगते. उद्या, एक वाजता.” थांबून, अगदी हळू, त्यांनी पुढचा शब्द उच्चारला. “संथच्या.”

सात

रविवारी दुपारी धक्क्यावर तळलेल्या माशांचा वास होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि गॅरीने टाय बांधला होता. एक वाजता होडीघराच्या मागच्या पायऱ्यांवर मिस ओपल उभ्या राहिल्या आणि व्हर्ना आणि डिट्झ सर समोर. डेलिया वही धरून बाजूला. मिस ओपलनी रडून किंवा हात जोडून काही मागितलं नाही. जे झालं ते सांगितलं, वेळांसकट, आणि पान उघडून दाखवलं.

व्हर्नाने तिन्ही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. शेवटच्या दोन शब्दांवर तिने अंगठा ठेवला, जिथे कागद फाटला होता. छप्पन्न वर्षं जे हवं होतं ते मिळालेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती.

“दर नाताळला तू आमच्याकडे पुडिंग घेऊन यायचीस,” ती म्हणाली. “आई म्हणायची, एवढी एकच बाई आहे जी अजून आपल्या दारात येते. आणि मी ते खायचे, ओपल. वाडगं चाटूनपुसून खायचे.”

मिस ओपलनी मान हलवली. हो.

“ती तुझी वाट बघायची. शेवटच्या वर्षीसुद्धा. तुला दोन वाक्यं बोलायची होती. फक्त दोन. ती सुखाने गेली असती.”

मिस ओपल पायऱ्या उतरून, कठडा धरत, आपल्या गाडीकडे गेल्या आणि आत जाऊन बसल्या. गाडी मात्र त्यांनी सुरू केली नाही.

डिट्झ सर अजून पानाकडेच बघत होते. डेलियाला वाटलं ते आता काहीतरी म्हणतील, पुरावा तपासू, दुसरी बाजू बघू. ते म्हणाले की रसेलच्या घड्याळातही मार्लोचीच वेळ असणार. म्हणजे त्याला शेवटपर्यंत वाटलं असेल की होडी उशिरा येतेय. मग ते तरातरा आपल्या गाडीपर्यंत गेले, पेचकस घेऊन आले आणि जमलेल्या माणसांदेखत, कापडही न काढता, फलकाचे आठ स्क्रू काढायला बसले. गॅरी धावत आला, सर, अहो सर. सरांनी त्याला एक स्क्रू धरायला दिला. पत्रा जड होता, एका बाजूने कलला, तेव्हा व्हर्नाने पुढे होऊन दुसरं टोक पकडलं. दोघांनी तो माशांच्या टेबलांमधून वाट काढत नेला आणि सरांच्या गाडीच्या मागच्या बाजूला टाकला. सर म्हणाले, नवा मजकूर तू लिही. व्हर्ना म्हणाली, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलंय, मी सांगते. पण सांगायला लागल्यावर ‘एल्मर स्टोल वेळेवर पोचला’ इथेच ती अडली. पुढचं वाक्य तिला करता येईना. ते वाक्य कुणाचं तरी नाव मागत होतं.

ती वळली आणि मिस ओपलच्या गाडीपाशी गेली. डेलिया चार पावलं मागे होती. तिला भीती वाटत होती, नक्की कशाची ते तिला सांगता आलं नसतं.

व्हर्नाने काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

“मी तुला माफबिफ करायला आलेली नाही,” व्हर्ना म्हणाली.

“मी मागितलीही नाही.”

“ठीक.” व्हर्ना दार उघडून शेजारच्या सीटवर बसली आणि मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकवून समोर बघत राहिली. “त्या दिवशी दुपारी माझा बाप कसा होता? फोनच्या आधी. ज्यांनी त्याला बघितलं ते सगळे मेले, ओपल. तू एकटी उरलीस. तो प्यायलेला नव्हता, हे आता मला कळलं. मग कसा होता?”

मिस ओपलनी गाडीची किल्ली काढून पुढ्यात ठेवली.

“शिट्टी वाजवत होता,” त्या म्हणाल्या. “अगदी बेसूर. एक होडी उलटी टाकून रंगवत होता, निळी. तू तिथेच होतीस, तुला आठवत नसेल. तू रंगात हात बुडवलास आणि त्याच्या पाठीवर पंजा उमटवलास, पांढऱ्या सदऱ्यावर. मला वाटलं आता हा ओरडेल. तर तो मला म्हणतो, ओपल, बघ तरी, किती चिमुकला आलाय. तो दुपारभर तसाच हिंडला. होडीत बसून बेटाकडे गेला तेव्हाही, तो पंजा तसाच होता पाठीवर.”

व्हर्नाने आपला उजवा हात उलटा केला आणि तळवा बघितला.

“कुठल्या बाजूला?” तिने विचारलं.